चामड्याची पायलट टोपी घरी शिवताना: कान आधी, डोकं नंतर (बडोदे, २०२४)

९ जून, रविवार

आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक यंदा एका मराठी पायलटवर आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या. कपडेपट माझ्याकडे आला कारण घरी उषाचं मशीन आहे आणि मला नाही म्हणता येत नाही हे मंडळात सगळ्यांना माहितीये. भाड्याने आणू म्हणून रावपुऱ्यात एका दुकानात गेलो तर त्यांनी जे काढून दाखवलं ती रेक्झिनची माकडटोपी होती, कानावर दोन चपटी ठिगळं, वर पोहण्याचा गॉगल. आमचे दिग्दर्शक अण्णा म्हणाले चालेल. मी म्हणलं नाही चालणार, मी शिवते. हे बोलले तिथेच फसले.

नाटक १४ सप्टेंबरला. मंडळाने मंजूर केले २,५०० रुपये. नोंदी लिहितेय कारण मला शोधून शोधून मराठीत एक ओळ सापडली नाही, पुढे कुणी करायला घेईल तर माझ्या चुका तरी परत करू नका.

काय करायचं ते ठरवलं: आरएएफची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, टाइप बी टोपी. १९३० च्या दशकात आलेली, १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतल्या फोटोंत बहुतेक पायलटांच्या डोक्यावर दिसते ती. तपकिरी चामडं, आतून मऊ शॅमीचं अस्तर, आणि कानावर मोठे अंडाकृती फुगीर कप, त्याला भोवती चेन (झिप), म्हणजे उघडून आत फोनचा रिसीव्हर बसवता येईल. १९४१ पासून टाइप सी आली तिला चेन नाही, काळे रबरी कप आहेत. मला चेन लावता येते, रबर ओतता येत नाही, म्हणून बी. एवढाच विचार.

१६ जून, रविवार

पॅटर्न. डोक्याला क्लिंग फिल्म गुंडाळायची, वरून मास्किंग टेपच्या पट्ट्या, मग पेनाने शिवणी आखायच्या आणि कापून काढायचं. टेप आणि फिल्म मिळून १८० रुपये. लेकीने गुंडाळलं, चाळीस डिग्रीत, पंखा बंद करून कारण फिल्म उडत होती. मधली लांब पट्टी कपाळापासून मानेपर्यंत, दोन बाजू, एक कपाळपट्टी, खाली हनुवटीचा पट्टा. पाच तुकडे, छान निघाले.

मी हे माझ्या डोक्यावर केलं. टोपी घालणार माझा भाचा. तेव्हा वाटलं डोकं ते डोकं, एक सेंटिमीटर वाढवू. हे वाक्य लक्षात ठेवा.

२३ जून, रविवार

चामडं आलं. बकऱ्याचा नापा, म्हणजे मऊ पातळ चामडं, ०.८ ते ०.९ मिलिमीटर, दोन कातडी मिळून ११ फूट, १०५ रुपये फूट, म्हणजे १,१५५. (चामडं चौरस फुटावर विकतात पण सगळे नुसतं फूटच म्हणतात, मी फोनवर आधी मीटर मीटर करत बसले.) रंग टॅन आला, मला गडद हवा होता, म्हणलं नंतर बघू. हेही लक्षात ठेवा.

लेदरच्या सुया आणि जाड पॉलिएस्टर दोरा ३२०. साधी सुई कापड सरकवून जाते, लेदरची सुई कापत जाते, तिचं टोक छिन्नीसारखं असतं. साध्या सुईने मी एका तुकड्यावर बघितलं, टाके उडाले आणि तिसऱ्या इंचाला सुई तुटली.

अस्तरासाठी शॅमी. गाडीच्या सामानाच्या दुकानात 'शॅमी द्या' म्हणलं, त्याने नळीतला एक ओलसर पिवळा रुमाल दिला, २४९ रुपये, वर छापलेलं शॅमी. घरी आणला, मऊ लुसलुशीत, खूश. रात्री वाळला आणि सकाळी पापड. अक्षरशः वाजत होता. ते गाडी पुसायचं सिंथेटिक असतं, ओलं असेपर्यंतच मऊ. खरी शॅमी म्हणजे मेंढीच्या कातड्याचा आतला थर, माशाच्या तेलात कमावलेला. ती ऑनलाइन मागवली, दोन नग, १,३८० रुपये. मंडळाचं बजेट इथेच संपलं आणि अजून एक टाका घातलेला नाही.

३० जून, रविवार

शिवली. मशीनच्या पायाखाली चामडं चिकटतं, पुढे सरकतच नाही, पायाच्या तळाला सेलोटेप लावली आणि थोडी पावडर टाकली मग सरकायला लागलं. टाका मी नेहमीसारखा बारीक ठेवला, २ मिलिमीटर, कारण बारीक टाका म्हणजे मजबूत हे आईने लहानपणी डोक्यात भरलेलं. मधल्या पट्टीची शिवण ताणून बघितली तर ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटत गेली. चामड्यात प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, भोकं जवळ जवळ आली की मध्ये उरतच नाही काही. ३ ते ३.५ ठेवा.

उसवून परत शिवायला बसले तर जुनी भोकं तशीच. रावपुऱ्यातल्या मोचीकाकांकडे गेले, त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बेन, काणुं पड्युं एटले पड्युं." एकदा भोक पडलं म्हणजे पडलं. त्यांच्याकडून त्या दिवशी तीन गोष्टी शिकले. टाचण्या लावायच्या नाहीत, रबर सोल्युशनने चिकटवून घ्यायचं. शिवण झाली की मार्जिन दोन्हीकडे उघडून चिकटवायची आणि हातोडीने ठोकून सपाट करायची नाहीतर डोक्याला टोचते. आणि गोलाईवर कडा रापीने (मोचीची चामडं तासायची सुरी) तासून पातळ करायची. रापी त्यांनी मला हातात दिली नाही, स्वतःच तासून दिलं. बरोबरच आहे त्यांचं.

७ जुलै, रविवार

पहिली टोपी तयार (म्हणजे कान सोडून). माझ्या डोक्यावर झकास. सासूबाई म्हणाल्या हवालदार दिसतेस. भाच्याला बोलावलं, त्याच्या डोक्यावर ती कानाच्या वरच अडकली. मागे मानेपर्यंत जातच नाही. एक सेंटिमीटर वाढवलं होतं ते घेराला, उंचीला कुणी वाढवायचं?

आता मोजमाप घेतलं, जे आधी घ्यायला हवं होतं. घेर माझा ५६, त्याचा ५९. पण खरी गंमत वेगळीच. एका कानाच्या भोकापासून डोक्यावरून दुसऱ्या कानाच्या भोकापर्यंत टेप धरली तर माझे ३४.५, त्याचे ३७. म्हणजे टोपी कशीबशी ताणून बसली असती तरी कानाचे कप त्याच्या कानाच्या सव्वा सेंटिमीटर वर आले असते, दोन्हीकडे.

रात्री झोप आली नाही म्हणून जुने फोटो झूम करून बघत बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आपण हेल्मेट म्हणलं की स्कूटरवरचं समजतो, डोकं फुटू नये म्हणून. ही टोपी त्यासाठी नव्हतीच, एवढ्या पातळ चामड्याने डोकं काय वाचणार. ती होती वाऱ्याथंडीसाठी, गॉगल आणि मास्क अडकवायला खुंटी म्हणून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रिसीव्हर कानावर घट्ट दाबून धरायला. समोर स्पिटफायर विमानातल्या मर्लिनसारखं २७ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन गर्जत असताना रेडिओतलं ऐकू यायला हवं, कप बोटभर वर गेला की संपलं. म्हणजे हा कानांचा पट्टा आहे आणि उरलेली टोपी तो पट्टा जागेवर राहावा म्हणून. मी उलट्या बाजूने सुरू केलं होतं. डोक्यापासून.

पहिली टोपी रद्द. गेलेला वेळ चार रविवार, गेलेलं चामडं एक कातडं आणि दुसऱ्याचा निम्मा भाग.

१४ जुलै

नवीन पॅटर्न, भाच्याच्या डोक्यावर. त्याच्या कानांवर आधी कुंकवाने खूण केली (पेन फिल्मवर चालेना), त्या खुणेभोवती कपाचं अंडं आखलं, मग अंड्यापासून वर आणि मागे जात तुकडे पाडले. आणि जबडा हलवायला लावला, बोल, जांभई दे, हास. तोंड उघडलं की कानासमोरचा भाग सरकतो, तिथे टोपी घट्ट असेल तर प्रत्येक वाक्याला कप हलणार. समोरच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर सैल सोडलं.

चामडं परत मागवलं, १० फूट, १,०५०.

२१ जुलै

कान. हे सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त डोकेफोड इथे झाली.

पहिला प्रयत्न: नापा ओला केला, स्टीलच्या वाटीवर ताणून दोऱ्याने बांधला, दोन दिवस सुकवला. वाटीवर असताना सुंदर आकार. वाटीवरून काढला, संध्याकाळपर्यंत परत चपटा. मोचीकाका हसले. नापा क्रोमवर कमावलेला असतो, तो आकार धरत नाही. आकार धरतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं, चपलेच्या तळाचं.

दुसरा प्रयत्न: आतून फोम भरून उशीसारखं केलं. फुगलं, पण पुरीसारखं फुगलं. कडा नाही. टाइप बीचा कप बघा, त्याला भिंत असते, भिंतीच्या वर चेन फिरते, मग वरची फुगीर टोपी.

तिसरा: भिंतीसाठी चपलेच्या तळाच्या चामड्याची १.५ सेंटिमीटर रुंद पट्टी, मोचीकाकांनी कापून ओली करून अंडाकृती वळवून दिली. वरच्या झाकणासाठी लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण गरम पाण्यात घालून दाबून अंडाकार केलं, त्यावर नापा चिकटवला. बरणी भरलेली होती. कैरीचं लोणचं, यंदाचंच. सासूबाई दोन दिवस कमीच बोलल्या.

पितळी चेन दोन, ९० रुपये. चेन गोलाईवर बसवताना तिची कापडी कड आतल्या बाजूने दर सेंटिमीटरला कातरा मारून घ्या, नाहीतर लाटा येतात. मी पहिल्या कानाला नाही मारले. म्हणून डावा कान जरा सुरकुतलेला आहे. आत भंगारवाल्याकडून घेतलेल्या जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरच्या चकत्या बसवल्या, ६० रुपयाला चार. दिसणार कुणालाच नाहीत पण वजन हवं, मोकळा कप हलका वाटतो आणि नटाला कळतं.

मोचीकाकांनी आतापर्यंतचे मिळून ३०० घेतले, तेही मी बळेच दिले.

४ ऑगस्ट

अण्णांशी वाद. नाटकाचा दुसरा प्रवेश बर्मात आहे, १९४४. मी म्हणलं अण्णा तिथे चामड्याची टोपी सगळेच काही घालत नसत, त्या दमट उकाड्यात, तिकडे टाइप डी म्हणून खाकी सुती कापडाची टोपी होती, मागे मानेवर उन्हासाठी झालर असलेली. जर्मनांनीसुद्धा उन्हाळ्यासाठी डोक्यावर जाळी असलेली टोपी केली होती. अण्णा म्हणाले लोकांना पायलट म्हणजे चामडंच पाहिजे, खाकी झालर घातली तर शेतावरचा राखणदार वाटेल. वर त्यांनी मलाच इतिहास सांगितला, की आपल्या बडोद्याच्या नावाचं स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) होतं आरएएफमध्ये, १२४ (बडोदा) स्क्वाड्रन, त्यांच्या डोक्यावर काय होतं, चामडंच ना?

होतं. पण ते स्क्वाड्रन उडत होतं इंग्लंडच्या आकाशात, आणि त्यांच्याकडे काही काळ खास उंचावर लढायची स्पिटफायर होती, मार्क ६ आणि मार्क ७, हवाबंद कॉकपिटची. तीस हजार फुटावर बाहेर उणे ४४ च्या आसपास असतं. नाव बडोद्याचं, थंडी तिकडची. आमच्या हॉलमध्ये एसी बंद असतो.

तडजोड: पहिला प्रवेश ट्रेनिंगचा, हैदराबादच्या बेगमपेठला, टायगर मॉथ या शिकाऊ विमानात. उघडं कॉकपिट, तोंडावर वारा, तिथे चामडं. बर्मात खाकी. अण्णा 'बघू' म्हणाले, म्हणजे हो.

खाकी टोपी त्याच रात्री शिवली, भाच्याच्या जुन्या एनसीसीच्या पँटची. तीन तास, शून्य रुपये, पहिल्या फटक्यात बसली. शिवता शिवता हसावं की रडावं कळेना, कारण ही कापडी आधी केली असती तर तीच चामड्याची ट्रायल झाली असती आणि अकराशे रुपये आणि अख्खा जून वाचला असता.

११ ऑगस्ट

चामड्याच्या टोपीचं कवच शिवून झालं. आता रंग. चामडं टॅन, मला गडद तपकिरी हवं. घरात बुटाचं पॉलिश होतं, फुकट, तेच चोळलं, तीन हात, ब्रशने चमकवलं, काय दिसली म्हणून सांगू. तालमीला भाच्याने वीस मिनिटं घातली आणि काढली तेव्हा त्याच्या कपाळावर भुवईपासून वर एक तपकिरी पट्टा, घामाबरोबर ओघळ गालापर्यंत. लहान मुलं 'दादा चॉकलेट' म्हणत मागे लागली.

पॉलिश म्हणजे मेण आणि रंग, ते वरच बसतं. सगळं स्पिरिटने पुसून काढलं (अर्धा दिवस, आणि डोकं दुखलं, खिडकी उघडी ठेवा), मग स्पिरिटमधला लेदर डाय आणि वरून फिनिश, ३१० रुपये. डाय लावला की चामडं थोडं कडक होतं, हाताने चुरून मऊ करून घ्या. आता तपासायचं कसं: पांढरा ओला रुमाल दहा वेळा घासा. स्वच्छ निघाला तरच डोक्यावर.

१८ ऑगस्ट

टिचबटणं आणि ती ठोकायचं हत्यार २२०, बक्कल ७०. मागे गॉगलचा पट्टा अडकवायला चामड्याच्या छोट्या पट्ट्या असतात, टिचबटणाच्या. मी त्या फोटो बघून अंदाजे लावल्या, गॉगल घातल्यावर पट्टा वर सरकून टोपीच मागे ओढायला लागला आणि कान परत वर. दोन बोटं खाली घेतल्या. आधीची भोकं? पडली ती पडली. त्यावर एक खोटा चामड्याचा तुकडा शिवला, आता लोकांना वाटतं तसंच डिझाइन आहे.

गॉगल मोटारसायकलवाल्यांचा जुन्या पद्धतीचा, ऑनलाइन, ६५०. हा अगदी बरोबर नाहीये, पण पाचव्या रांगेतून चालतो.

मास्कसाठी गालांवर टिचबटणं लावली, त्या काळचा टाइप डीचा ऑक्सिजन मास्क (खाकी टोपीचं टाइप डी वेगळं) कापडी असायचा आणि टोपीच्या बटणांनाच अडकायचा. मास्क केलेला नाही, भाच्याला वाक्यं म्हणायची आहेत.

एक बारीक गोष्ट: पावसाळ्यात टोपी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मी चार दिवस ठेवली, आत पांढरी बुरशी. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, सावलीत वाळवली. आता उशीच्या अभ्र्यात.

२५ ऑगस्ट, रविवार

अस्तर कापलं, कानाच्या गाद्या शिवल्या, सगळे तुकडे पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवले. उद्या जन्माष्टमी, परवा बसवेन. कवच कपाटावर अभ्र्यात. पाऊस दुपारपासून सुरू आहे तो थांबायचं नाव घेत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत २७ ला शिरलं आणि घरात गुडघ्याच्या वर. गॅस सिलिंडर, सासूबाई, देव आणि मशीन वर शेजाऱ्यांकडे नेलं, या क्रमाने नाही. ट्रंक राहिली. दोन दिवस पाण्यात. वीज आज दुपारी आली. आमचं फ्रिज आणि सोफा गेला, लोकांचं कितीतरी जास्त गेलं, त्यापुढे टोपी काय. पण नोंद ठेवतेय तर लिहिते.

कवच कोरडं, कपाटावर होतं. शॅमी चिखलाच्या वासाची, चेनमध्ये गाळ, एका कानाची भिंत फुगून उघडलेली, सोल्युशन सुटलेलं. अण्णांचा फोन आला, आधी विचारलं सगळे ठीक ना, मग पाच सेकंद गप्प, मग हळूच "टोपी?"

१ सप्टेंबर

शॅमी वाचली! कोमट पाण्यात थोडा साध्या अंगाच्या साबणाचा फेस करून तीनदा धुतली, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची. आणि सुकताना दर अर्ध्या तासाने हातात घेऊन ताणायची, चोळायची. पूर्ण वाळेपर्यंत सोडली तर कडक होते, ताणत राहिलं तर मऊ. दिवसभर आम्ही बायका गाळ उपसत होतो आणि मध्ये मध्ये मी येऊन शॅमी ताणत होते, जाऊबाई म्हणाल्या ही काय पापड वाळवतेय का या चिखलात. हो, पण यावेळी पापड होऊ नये म्हणून.

३ सप्टेंबर

मशीन वाचलं पण मोटर शॉर्ट असावी, फिरवायची हिंमत नाही. कान हाताने शिवले. आरीने भोक, एक दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर, प्रत्येक टाका ओढून घट्ट. दोरा आधी मेणातून ओढून घेतला. एका कानाला साडेतीन तास. आणि खरं सांगायचं तर मशीनपेक्षा कितीतरी छान झालं, भिंतीच्या गोलाईवर मशीनचा पाय नीट बसायचाच नाही, हाताला काही अडचण नाही. आधीच हाताने केलं असतं तर डावा कान सुरकुतला नसता. पण आधी वीज होती.

उघडलेली भिंत मोचीकाकांकडे नेली. त्यांची फुटपाथवरची पेटीच वाहून गेली होती, नवीन पेटी, जुनी रापी, ती खिशात होती म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. पहिली पूर्ण तालीम, टोपी पूर्ण. भाच्याच्या डोक्यावर घातली, बक्कल लावलं, कप बरोब्बर कानावर, जबडा हलवला तरी हलत नाही. मी इतकी खूश की फोटो काढत बसले.

आणि त्याला काही ऐकूच येईना. ठार बहिरा. शॅमी, गादी, चामड्याची भिंत, रिसीव्हरची चकती, प्लास्टिकचं झाकण, एवढं सगळं कानावर घट्ट. समोरचा इन्स्ट्रक्टर वाक्य बोलतो, हा शांतपणे क्षितिजाकडे बघतोय. विंगेतून प्रॉम्प्ट केलं, नाही. अण्णा ओरडले, नाही. तीन महिने जे साधायचा प्रयत्न केला ते साधलं होतं आणि त्यानेच प्रवेश कोलमडला.

अण्णा म्हणाले भोकं पाड कपाला. मी म्हणलं जीव गेला तरी नाही.

९ सप्टेंबर

रात्री सुचलं. टायगर मॉथमध्ये रेडिओ नसायचा, इन्स्ट्रक्टर आणि शिकणारा एकामागे एक बसायचे, आणि बोलायचे गॉस्पोर्ट ट्यूबमधून. म्हणजे साधी रबरी नळी. इन्स्ट्रक्टरच्या तोंडाशी नळकांडं, नळी शिकणाऱ्याच्या टोपीपर्यंत, तिथे दोन फाटे, दोन्ही कानांत. पहिल्या महायुद्धात १९१७ साली इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टच्या फ्लाइंग स्कूलमध्ये स्मिथ-बॅरी यांनी ही पद्धत आणली म्हणून ते नाव. विजेची गरज नाही, दुरुस्ती नाही. आमचा प्रवेश टायगर मॉथचाच आहे, भाचा खुर्चीवरून हलत नाही, आणि कॉकपिटच्या पुठ्ठ्यामागे जाऊबाई प्रॉम्प्टला बसतातच.

गवंडी लेव्हलला वापरतात तो पारदर्शक पाईप, ४ मीटर, ८० रुपये. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडून वाय जोड, २५. स्वयंपाकघरातलं नरसाळं. रिसीव्हरच्या चकत्या काढून टाकल्या (६० रुपये पाण्यात, शब्दशः, पुरातही होत्या), कपाच्या खालून चेन दोन दातं उघडी ठेवून नळी आत, तोंड कानाच्या भोकासमोर, बोटभर अंतर ठेवून. पहिल्यांदा नळी कानाला टेकवली तर समुद्राच्या शिंपल्यासारखा घूं आवाज. अंतर ठेवलं की गेला. वळणावर पाईप दुमडला की आवाज बंद, तिथे आत तार घातली.

नरसाळ्यात कुजबुजलं तरी त्याला स्पष्ट ऐकू येतं. उलट जाऊबाईंचा श्वासही ऐकू येतो, आणि त्या चकली खातात तेही. नियम केला: नरसाळं तोंडाशी असताना काही खायचं नाही.

इन्स्ट्रक्टर करणाऱ्या काकांना त्यांच्या पुढ्यात खोटं नळकांडं दिलं, ते त्यात बोलल्याचा अभिनय करतात. अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी संवादात एक ओळ वाढवली, "नळीतून ओरडू नका सर, मी बहिरा नाही." वाढवलेल्या ओळीला तालमीत हशा आला.

११ सप्टेंबर

हिशोब मंडळाला दिला. सगळं मिळून ६,१३९. यातले रद्द टोपीचं चामडं आणि गाडीचा रुमाल धरून जवळजवळ चौदाशे माझ्या मूर्खपणाचे, ते मी मागितले नाहीत. खजिनदारांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "लोणच्याचं झाकण लावलं नाहीये यात?"

१५ सप्टेंबर, रविवार

काल झालं. हॉलमध्ये उकाडा, पंखे लांब. भाचा पहिल्या प्रवेशात पंधरा मिनिटं चामड्यात, काढली तेव्हा शॅमी पिळता आली असती, पण कपाळ स्वच्छ, रंग नाही. कप हलले नाहीत. मध्ये जाऊबाईंना शिंक आली आणि नरसाळं बाजूला करायच्या आत ती नळीतून थेट त्याच्या दोन्ही कानांत, तो खुर्चीत टुणकन उडाला, आणि प्रेक्षकांतून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "एअर पॉकेट." टाळ्या पडल्या.

बर्माच्या प्रवेशात खाकी टोपी. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, चांगलं नाही वाईट नाही. एकाही माणसाला राखणदार वाटला नाही हे मी अण्णांना दोनदा ऐकवलं.

आज सकाळी शॅमी परत धुतली, ताणत बसलेय. आतली बाजू बाहेर करून वाळवायची, उन्हात नाही. बाहेरून फिनिशचा एक हात दिला. डाव्या कानाची चेन पुराच्या गाळाने अजून अडकते, दातांवर मेणबत्ती घासून ठेवलीये, उद्या बघते सुटते का.